पेंटॅकल्सची चौदा कार्डं: पैशाचा गट स्त्री-पुरुष साच्याबाहेर कसा वाचायचा

टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून आयुष्यातल्या प्रश्नांकडे बघण्याची रीत, शिकायला लागल्यावर पेंटॅकल्सचा, म्हणजे नाण्यांचा, गट बहुतेकांना सोपा वाटतो. त्यात एसपासून (एक्क्यापासून) दहापर्यंत दहा आणि पेज, नाइट, क्वीन, किंग ही चार दरबारी अशी चौदा कार्डं असतात. नाणी दिसतात, म्हणजे पैसा, नोकरी, घर, जमीन, तब्येत. अडचण येते ती नाण्यांशेजारची माणसं दिसायला लागल्यावर. नवशिक्यांच्या टिपणांत किंग म्हणजे सधन, स्थिरावलेला पुरुष, क्वीन म्हणजे काटकसरी गृहिणी आणि नऊ म्हणजे सुखवस्तू पण एकटी बाई, असं लिहिलेलं असतं. मग समोरची व्यक्ती विचारते, "होम लोन माझ्या एकटीच्या नावावर घेऊ का?" आणि आपण किंग बघून तिच्या नवऱ्याबद्दल बोलायला लागतो. तिला नवरा नसेल, किंवा जोडीदार बाई असेल, किंवा घरात कमावणारी तीच असेल, तर ते रीडिंग, म्हणजे कार्डांचं वाचन, तिथंच संपलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पेंटॅकल्सच्या प्रत्येक कार्डावर पैशाशी जोडलेली एक कृती आहे. मिळवणं, राखणं, वाटणं, मागणं, मोजणं, वाट बघणं. आधी कृती वाचा. ती कृती त्याच्या आयुष्यात कोण करतंय, हे समोरच्या माणसाला सांगू द्या. जेंडर फ्लुइड (ज्यांची लिंगओळख बदलती असते), नॉन-बायनरी (जी स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष मानत नाहीत), ट्रान्स (ज्यांची लिंगओळख जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी असते) माणसांसाठी हे हवंच आहे, आणि चारचौघांसारख्या संसारातल्या नवरा-बायकोलाही यातून जास्त खरं उत्तर मिळतं.

सोबत रायडर-वेट-स्मिथ डेक (पत्त्यांचा संच) घ्या, कारण पुढची वर्णनं त्यातल्या चित्रांची आहेत. एक वही आणि पेन पुरे.

पहिली पायरी: हे साचे आले कुठून ते बघा

"परंपरेत असंच सांगितलंय" हे वाक्य तुम्हाला खूपदा ऐकू येईल. म्हणून परंपरा थोडी माहीत असलेली बरी. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झालं, खेळायचे पत्ते म्हणून. पैशाच्या गटात तेव्हा साधी नाणी होती. त्या काळातला मिलानच्या व्हिस्कॉन्ती घराण्याशी जोडलेला एक डेक आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक गटाला चारऐवजी सहा दरबारी पत्ते आहेत: राजा, राणी, घोडेस्वार पुरुष, घोडेस्वार स्त्री, सेवक आणि सेविका. फ्लॉरेन्सच्या मिन्कियाते नावाच्या पत्त्यांत तर कप आणि नाणी या दोन गटांतले सेवक मुलीच आहेत. म्हणजे नाइट (घोडेस्वार) आणि पेज (सेवक) पुरुषच, हे सगळीकडे ठरलेलं नव्हतं.

"नाणी म्हणजे पृथ्वीतत्त्व आणि पृथ्वी म्हणजे स्त्री" ही जोडणी बरीच नंतरची, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय गूढविद्यावाल्यांची. आपल्याला भूमाता, धरणीमाय पाठ असते, म्हणून ती चटकन पटते. पण तिच्या मागोमाग "बाईने घ्यावं, पुरुषाने द्यावं" हेही गुपचूप आत येतं. पृथ्वीतत्त्व जरूर ठेवा. वजन, सातत्य, हाताला लागणारी वस्तू, सावकाश होणारी वाढ हे सगळं त्यात आहे आणि त्यातलं काहीच एका लिंगाचं नाही.

आता डेककडे. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने तो काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. बरीच वर्षं डेकच्या नावात प्रकाशक आणि वेट होते, चित्रकार नव्हती. त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झला लिहिलेल्या पत्रात तिने कळवलं होतं, की एक मोठं काम नुकतंच संपलंय आणि त्याचे पैसे फारच थोडे मिळालेत. पुढे हा डेक जगभर खपला, त्यातला वाटा तिला मिळाला नाही. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. कार्डांच्या खालच्या कोपऱ्यात तिची पी, सी, एस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतील. पेंटॅकल्स हातात घेतल्यावर ती आधी शोधा. पैशाची ही चौदा चित्रं जिने काढली, तिलाच तिच्या कामाचं मोल मिळालं नाही. "काम कोणाचं आणि पैसे कोणाचे" हा प्रश्न या गटाला चिकटलेलाच आहे.

दुसरी पायरी: कार्डं मांडा आणि क्रियापदं लिहा

एसपासून दहापर्यंत ओळीने मांडा. प्रत्येकापुढे वहीत एकच क्रियापद लिहा, कर्त्याशिवाय. "तो" नाही, "ती" नाही. पहिल्या दिवशी हात अडखळेल, कारण नजर आधी दाढी, झगा, केस बघते. तरी लिहा.

एस सोपं आहे: ढगातून आलेला हात नाणं पुढे करतोय, खाली बाग, फुलांच्या कमानीतून बाहेर जाणारी वाट. मिळणं. दोनमध्ये उंच टोपी घातलेली व्यक्ती दोन नाणी झुलवतेय, मागे जहाजं लाटांवर वरखाली होतायत. सांभाळणं. सातमध्ये कुदळीच्या दांड्यावर रेलून झुडपाकडे बघणं, आठमध्ये बाकावर बसून नाण्यावर ठोके घालणं. वाट बघणं आणि हात बसवणं. या चारांत फारसं अडत नाही, पुढे जा.

तीनवर थांबा. देवळाच्या कमानीखाली तिघं आहेत. बाकावर हत्यार घेतलेला कारागीर, एक मठवासी, आणि नक्षीच्या झग्यात टोपडं घातलेली, हातात आराखडा धरलेली तिसरी व्यक्ती. त्या झग्याखाली स्त्री आहे की पुरुष, चित्र सांगत नाही. तिघांचं काम मात्र स्पष्ट आहे: एक करतो, एक पैसे आणि जागा देतो, एक नकाशा धरतो. रीडिंगमध्ये हे कार्ड आलं की विचारा, "या तिघांत तुम्ही कोण? आणि तुमचं काम बघणाऱ्यांना तुम्ही नेमके कोण आहात हे माहीत आहे का?" ज्यांचं कागदावरचं नाव वेगळं आणि रोजचं नाव वेगळं, त्यांच्यासाठी हा दुसरा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा असतो.

चारला सगळे कंजूष म्हणतात. डोक्यावर एक नाणं, छातीशी एक कवटाळलेलं, पायाखाली दोन, मागे शहर. पण डाळीच्या डब्यात नोटा दडवून ठेवणाऱ्या आईला आपण कंजूष म्हणत नाही. तिला ठाऊक असतं की हा पैसा कोणाला दिसला तर राहणार नाही. घरी कळलं तर बाहेर काढतील या भीतीत जगणारं क्वीअर (रूढ स्त्री-पुरुष साच्यात न बसणारं) मूल पहिल्या नोकरीत पैसे साठवतं तेव्हा त्याचीही बसायची तऱ्हा हीच असते. म्हणून "हात सैल सोडा" हा उपदेश पहिल्या वाक्यात नको. आधी विचारा, "हे कोणापासून जपताय?" उत्तरात कोणीच आलं नाही, फक्त सवय आली, तर मग सैल सोडण्याचं बोला.

पाचबद्दल कळकळीने सांगते. बर्फात दोघं चाललेत, एकाला कुबड्या आणि गळ्यात घंटा, दुसरी व्यक्ती अनवाणी, आणि वर रंगीत काचेची खिडकी उजळलेली. हे कार्ड बाहेर राहिलेल्यांचं आहे हे खरं. पण समोर ट्रान्स व्यक्ती बसलीय म्हणून पाच आल्याबरोबर "घरच्यांनी काढलं का?" असं विचारू नका. दुःख त्यांच्यावर लादू नका. कदाचित त्यांना फक्त भाड्याची खोली मिळत नसेल, कदाचित मेडिक्लेमचा अर्ज अडला असेल. चित्रात आणखी एक गोष्ट आहे: दोघं आहेत. "या काळात तुमच्यासोबत कोण चालतंय?" हा प्रश्न विचारून बघा. बऱ्याचदा पैशाची खरी वाट तिथूनच सापडते, मित्रांच्या भिशीतून किंवा एखाद्या मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीतून.

सहामध्ये एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देणारी उभी व्यक्ती आणि गुडघे टेकून हात पसरलेले दोघं. रूढ अर्थ दानशूर धनिक. इथे महाराष्ट्राच्या दक्षिणेकडचं एक उदाहरण मला उपयोगी पडतं. कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकातल्या सौंदत्तीपर्यंत यल्लम्माचे जोगते (देवीला वाहिलेले पुरुष) लुगडं नेसून, परडी घेऊन जोगवा मागतात. जोगवा वाढणारं घर स्वतःला उपकार करणारं समजत नाही, उलट देवीचा आशीर्वाद आपल्याला मिळाला असं मानतं. त्या जगण्यात हालअपेष्टा पुष्कळ आहेत, त्यांना गोंडस रूप द्यायचं नाही. पण मागणारा हात रिकामाच असतो असं नाही, हे त्यातून दिसतं. सहा आलं की दोन्ही बाजूंनी बघा: कोण देतंय, बदल्यात काय घेतंय, आणि तराजू कोणाच्या हातात आहे. "तुला पैसे पाठवतो, पण केस वाढवायचे नाहीत" असं सांगणारं घर याच कार्डात बसतं.

नऊ माझं आवडतं. द्राक्षांनी लगडलेला मळा, फुलांच्या नक्षीचा पायघोळ झगा, हातमोज्यावर बसलेला ससाणा, त्याच्या डोळ्यांवर टोपी, आणि खाली जमिनीजवळ एक गोगलगाय. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. या कार्डाला "एकटी बाई" म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप "लग्न कधी?" होतं. क्रियापद लिहा: उपभोगणं, आणि तेही स्वतःच्या कमाईतून. स्वतःच्या पैशाने घेतलेला पहिला ड्रेस, पहिला बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचं घट्ट वस्त्र), हार्मोन्सच्या उपचारांसाठी बाजूला काढलेली रक्कम, स्वतःच्या नावाचा भाडेकरार हे सगळं नऊचं आहे. कोणत्याही लिंगाच्या माणसाला तो झगा शोभतो. ससाण्याच्या टोपीकडेही बघा आणि विचारा, "हे सुख राखण्यासाठी कशावर झाकण घालावं लागलं?" गोगलगायीबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. मला ती पाठीवर घर घेऊन, आपल्या वेगाने इथवर आलेली दिसते.

दहामध्ये कमानीजवळ बसलेली वयस्क व्यक्ती, दोन पांढरे कुत्रे, एक जोडपं, एक मूल. वंश, वारसा, इस्टेट. इथं कुटुंब म्हणजे कोण, हे आधी विचारून घ्या. आणि इथं कार्डापलीकडची माहितीही हवी, कारण वारसा शेवटी कागदावर ठरतो. भारतात समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती दिली नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणताही अडसर नाही. आता नॉमिनी झालं म्हणजे वारस झालं असं नसतं. लग्नाचं नातं कायद्यात नसेल तर मृत्युपत्राशिवाय जोडीदाराला वारसाहक्काने काही मिळत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र हवं. दहा आलं आणि समोरचा माणूस लग्नाविना जोडीदारासोबत राहत असेल, तर "मृत्युपत्र केलंय का?" हा एक प्रश्न दहा सुंदर वाक्यांपेक्षा उपयोगाचा आहे.

तिसरी पायरी: दरबारी कार्डांची पदं काढा, कामं ठेवा

जुन्या रीतीत प्रश्नकर्त्यासाठी आधी एक दरबारी कार्ड निवडत, वय, लिंग आणि केसांच्या-डोळ्यांच्या रंगावरून. वेटने दिलेला नियम असा: चाळिशीपुढच्या पुरुषाला नाइट, त्याखालच्या पुरुषाला किंग, चाळिशीपुढच्या बाईला क्वीन आणि तरुण बाईला पेज. म्हणजे पेज चित्रात तरुण मुलगा दिसतो, पण खुद्द वेटच्या हिशेबात तो पस्तिशीच्या बाईचंही कार्ड होता! ज्या दिवशी कोणी "पेज म्हणजे मुलगाच" म्हणेल, त्या दिवशी हे आठवा. माझा सल्ला: ही निवडच करू नका. फारच वाटलं तर चारही कार्डं उघडी ठेवा आणि विचारा, "पैशाच्या बाबतीत आत्ता तुम्ही यातलं कोण?"

पेज नाणं दोन्ही हातांनी उंच धरून एकटक बघतो. शिकणं. पहिली एसआयपी, पहिला पगार, कामाची पहिली ऑर्डर. नाइटचा काळा घोडा चक्क उभा आहे, समोर नांगरलेलं शेत. टिकून राहणं, कंटाळा आला तरी. या दोघांत लिंगाची अडचण थोडी, कारण कृती समोर दिसते.

अडचण क्वीन आणि किंगची. क्वीन नाणं मांडीवर घेऊन त्याकडे बघतेय, पायाशी कोपऱ्यात ससा, आजूबाजूला हिरवळ. किंगच्या झग्यावर द्राक्षं, सिंहासनावर बैलांची मुंडकी, मागे गढी, आणि झग्याखालून चिलखत डोकावतंय. मी एकीला "जपणारा हात" म्हणते आणि दुसऱ्याला "सही करणारा हात". आता आपल्याकडचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. पेरणी, खुरपणी, गुरं, वैरण बाईच्या अंगावर, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा हाच सवाल होता, राबणारीचं नाव सातबाऱ्यावर का नाही? रीडिंगमध्ये क्वीन आणि किंग एकत्र आले की पती-पत्नी शोधू नका. जपणारा आणि सही करणारा एकच माणूस आहे की दोन, ते शोधा. दोन असतील तर अधिकार आणि कष्ट कसे वाटले गेलेत ते बोला. बाप क्वीन असतो, मुलगी किंग असते, आणि एकच जण सकाळी किंग आणि संध्याकाळी क्वीन असू शकतो. जेंडर फ्लुइड माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगावं लागतं.

चौथी पायरी: तोंडाने काय बोलायचं ते ठरवा

मराठीत ही पायरी टाळता येत नाही, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगतं. सुरुवातीलाच विचारा, "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? आणि 'करतो' म्हणू, 'करते' म्हणू की आणखी काही?" काहींना "ते" चालतं, काहींना दर वेळी नावच घेतलेलं आवडतं, काहींचं आज एक आणि उद्या दुसरं असतं. उत्तर वहीत लिहा. विचारायची सोय नसेल, म्हणजे शेजारी घरचं कोणी बसलं असेल, तर वाक्यं वळवा. "तुम्ही कधीपासून साठवायला लागलात?" यात लिंग उघड होत नाही. "तू काय ठरवलंस?" यातही नाही. "पैसे कुठे ठेवतोस?" याऐवजी "तुझे पैसे कुठे असतात?" म्हणा. थोड्या सरावाने हे जिभेवर बसतं.

कार्डांबद्दल बोलतानाही "हा माणूस", "ही बाई" सोडून "नाणं धरणारी व्यक्ती", "बर्फातले दोघं" असं म्हणत जा. वरच्या वर्णनांत मी शक्य तिथं तेच केलंय. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: कार्ड बघून कोणाची ओळख सांगू नका. "तुमच्यात स्त्री-ऊर्जा जास्त दिसते" हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी दुखावतं. पेंटॅकल्सला तो अधिकार नाही.

पाचवी पायरी: तीन कार्डांचं रीडिंग करून बघा

समजा, पुण्यात नोकरी करणारी एक नॉन-बायनरी व्यक्ती विचारते, "नोकरी सोडून टिफिनचा व्यवसाय सुरू करू का?" तीन जागा ठेवा: पैसा आत्ता कसा फिरतोय, कुठे अडलाय, पुढचं पाऊल काय. आली सहा, किंग उलटा (म्हणजे कार्ड डोकं खाली होऊन आलं), तीन.

जुन्या पद्धतीने वाचलं तर "कोणी मोठा माणूस मदत करेल, पण एक पुरुष आड येईल" असं निघेल आणि समोरचा जीव वडिलांच्या धाकाने गप्प होईल. तसं नको. सहावर विचारा, "पगारातलं कोणाला जातं?" समजा उत्तर आलं, निम्मा गावी. "थांबवलं तर काय होईल?" थोडा वेळ शांतता. "मग घरी यायचं कारण उरणार नाही." इथं घाई करू नका. पैसा नात्याचं भाडं म्हणून जातोय, हे त्यांच्या तोंडून आलंय, त्यावर थांबा.

उलट्या किंगवर: सही करणारा हात अडलाय. कोणाची सही? बँकेची कागदपत्रं कोणत्या नावाने आहेत? अन्न व्यवसायाला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची) नोंदणी लागते, ती आधारवरच्या नावाने करायला मन तयार आहे का? अडथळा बाहेरचा पुरुष असेलच असं नाही. जुन्या नावाने सही करायची नसणं हाही असू शकतो, आणि त्यावर उपाय आहे: राजपत्रातून नाव बदलणं. तीनवर: करणारा हात आहे, जागा देणारा कोण, हिशेबाचा नकाशा धरणारा कोण? दोन नावं लिहून द्यायला सांगा. नोकरी सोडायचा निर्णय ती दोन नावं मिळाल्यावर. कर्ज, कर, परवाने यांसाठी सीए आणि वकील गाठायला सांगा, टॅरोवाल्याने आकडे देऊ नयेत.

उलटी कार्डं सुरुवातीला वाचली नाहीत तरी चालतं. वाचायची असतील तर कृती थांबलीय किंवा आतल्या आत चाललीय, एवढंच धरा.

सरावासाठी

आठवडाभर रोज सकाळी फक्त या चौदा कार्डांतलं एक काढा. संध्याकाळी त्या दिवसाचा खर्च लिहा: भाजी, रिक्षा, यूपीआयवरून कोणाला पाठवलेले पैसे, कोणाकडून आलेले. मग कार्डाचं क्रियापद त्या यादीत कुठे दिसतं ते शोधा, आणि ती कृती घरात कोणी केली त्याचं नाव पुढे लिहा. आठव्या दिवशी चार दरबारी कार्डं वेगळी काढा आणि प्रत्येकाखाली तुमच्या ओळखीतलं असं एक नाव लिहा, जे चित्रातल्या दाढीशी किंवा झग्याशी जुळत नाही. किंगखाली आत्याचं नाव आलं, क्वीनखाली धाकट्या भावाचं आलं, की ती वही घेऊन पहिल्या मित्रासाठी रीडिंग करायला बसा.